टेलिफोटो लेन्सने चतुर टिपणे: तुमची पद्धत, तुमची जागा, तुमची लेन्स

पाणकणीस (पुणे)

चतुराचा जवळून फोटो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो मॅक्रो (लहान वस्तू अगदी जवळून मोठी टिपणारी) लेन्स घेण्याचा. माझं मत वेगळं आहे, आणि ते जरा सविस्तर मांडावं म्हणून हा धागा काढतोय. पक्ष्यांसाठी घेतलेली ३०० किंवा ४०० मिमीची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स ज्यांच्याकडे आहे त्यांनी चतुरांसाठी वेगळा खर्च करण्याआधी हे वाचावं. टाचण्यांचं (चतुरांच्या सडपातळ भाऊबंदांचं) गणित थोडं निराळं आहे, ते पुढे येईलच.

आधी आकडे. चतुर हा काही फार लहान कीटक नाही. आपल्याकडे कुठल्याही तळ्याकाठी दिसणारा ग्रीन मार्श हॉक डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ५ सेंमी भरतो. क्रॉप सेन्सरची (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या लहान सेन्सरची) रुंदी २२ ते २४ मिमी. लेन्स ०.३ पट प्रतिमा देत असेल तर हा चतुर सेन्सरवर १५ मिमी जागा घेतो, म्हणजे चौकटीची जवळजवळ दोन तृतीयांश रुंदी. याहून मोठा हवा कशाला? तो बसलेली काडी आणि आजूबाजूची थोडी मोकळी जागासुद्धा फोटोत यायला हवी.

म्हणून लेन्स निवडताना किती मिमीची आहे एवढंच विचारू नका. किमान फोकस अंतर किती, आणि त्या अंतरावर प्रतिमा किती पट मिळते, हे दोन आकडे बघा. कॅननची आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची हलकी लेन्स कमीत कमी ०.८८ मीटरवर फोकस होते आणि जास्तीत जास्त ०.४१ पट देते. कॅननचीच जुनी ईएफ ४०० एफ/५.६ उडत्या पक्ष्यांसाठी अप्रतिम, पण तिचं किमान अंतर ३.५ मीटर आणि प्रतिमा ०.१२ पट. दोन्ही ४०० मिमीच्याच! सोनी १००-४०० जीएम ०.९८ मीटरवर ०.३५ पट देते, निकॉन ३०० एफ/४ पीएफ १.४ मीटरवर ०.२४ पट. आणि ज्यांचं बजेट कमी आहे त्यांच्यासाठी: कॅननची साधी ५५-२५० एसटीएम ०.८५ मीटरवर ०.२९ पट देते. चतुरांसाठी ही लेन्स खरंच पुरेशी आहे.

एक लक्षात ठेवा, किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या तोंडापासून चतुरापर्यंत उरणारी जागा त्याहून वीस-तीस सेंमीने कमी असते. हूड लावलं की आणखी कमी.

आता मुख्य मुद्दा. चतुरांचे ढोबळ दोन प्रकार मानतात: बसणारे आणि उडत राहणारे. वाँडरिंग ग्लायडर दिवसभर हवेत असतो, त्याच्या मागे धावून हाती काही लागत नाही. पण रडी मार्श स्किमर, ग्रीन मार्श हॉक, क्रिमझन मार्श ग्लायडर, कॉमन क्लबटेल हे बसणारे. यांची एक ठरलेली काडी असते. तिथून उडायचं, माशी-डास पकडायचा किंवा दुसऱ्या नराला हुसकावायचं आणि पुन्हा त्याच काडीवर यायचं. ही सवय ओळखली की अर्धं काम झालं. चतुर उडाला की बहुतेक जण त्याच्या मागे जातात. मी म्हणतो, जाऊ नका. तो उडालेला असतानाच दोन पावलं पुढे या, काडीवर फोकस लावा आणि स्थिर उभे राहा. परत येऊन बसलेल्या चतुराला तुम्ही आधीपासून तिथे असलेली वस्तू वाटता.

टेलिफोटोचा खरा फायदा इथे आहे. मीटरभर लांब राहिल्याने चतुर त्याचं नेहमीचं आयुष्य जगत राहतो. शिकार खातो, प्रतिस्पर्ध्याला धमकावतो, दुपारच्या उन्हात शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतो म्हणजे अंगावर कमी ऊन पडेल. हे सगळं टिपायचं तर त्याला आपली धास्ती वाटून चालत नाही.

माझी सेटिंग्ज: मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ, शटर १/८०० च्या आसपास, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११, एकच फोकस बिंदू आणि तो डोळ्यावर. मोनोपॉड जरूर वापरा, ट्रायपॉड पाणथळीत अडचण करतो.

तुमचे अनुभव लिहा. जाणकारांनी भर घालावी.

सह्यधारा (सातारा)

उत्तम धागा. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

एफ/८ बद्दल थोडं. ०.३ पट प्रतिमेला क्रॉप सेन्सरवर एफ/८ ला नीट फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. एफ/११ ला सहा-साडेसहा मिमी. पण चतुराच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार पाच-सात सेंमी! म्हणजे अ‍ॅपर्चर कितीही बंद केलं तरी तिरकस कोनातून सगळा चतुर स्पष्ट येणं शक्य नाही. उपाय एकच, सेन्सरची पातळी चतुराच्या शरीराला समांतर आणायची. वरून घेत असाल तर पंखांना समांतर, बाजूने घेत असाल तर शेपटीला समांतर. बाजूने घेताना जवळचे पंख धूसर होतात, होऊ द्यावेत. डोळा, छाती आणि शेपटी एका पातळीत आली की फोटो उभा राहतो.

बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटून घेतात, त्यामुळे बाजूने जवळजवळ सगळी टाचणी एका पातळीत येते. त्या अर्थाने सोप्या. अवघड आहे ती त्यांची बारीक अंगकाठी. पिग्मी डार्टलेट जेमतेम २ सेंमीची. ०.३ पटीने ती सेन्सरवर ६ मिमी.

भिंगातून (ठाणे)

पाणकणीस, धागा आवडला, पण मॅक्रोची बाजू मांडायलाच हवी. १०० मिमी मॅक्रोने एकास एक प्रतिमा मिळते. डोळ्यातली एकेक खाच, पंखांवरची जाळी, छातीवरचे केस, हे टेलिफोटोला जमणार नाही. मोठ्या चतुराच्या एका डोळ्यात २८ हजारांच्या आसपास नेत्रिका असतात. त्या ०.३ पटीत दिसतील का?

आणि दुसरं, टेलिफोटोने डेप्थ (फोकसमधली जाडी) कमी मिळते, हाही प्रश्न आहेच.

पाणकणीस

@भिंगातून, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. नुसत्या डोळ्याचं चित्र हवं असेल तर मॅक्रोला पर्याय नाही. पण एकास एकला १०० मिमी मॅक्रोचं तोंड चतुरापासून साधारण १५ सेंमीवर येतं. पहाटे दवाने भिजलेला, गारठलेला चतुर तेवढं सहन करेल. दहा वाजता ऊन खाऊन तयार झालेला रडी मार्श स्किमर करणार नाही. म्हणून मॅक्रोवाले पहाटे पाचला निघतात, आणि त्यांचे फोटो सुंदर असतात, पण ते झोपलेल्या चतुराचे असतात. मला त्याचं जागेपण जास्त प्रिय आहे.

डेप्थबद्दल मात्र असहमत. प्रतिमा तितकीच पट आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर १०० मिमी काय आणि ४०० मिमी काय, फोकसमधली जाडी जवळजवळ सारखीच येते. फरक पडतो तो पार्श्वभूमीत. लांब लेन्सचा कोन अरुंद, त्यामुळे चतुरामागचं गवत कमी रुंदीचं दिसतं आणि जास्त विरघळतं. पाऊलभर डावी-उजवीकडे सरकलं तरी मागची पार्श्वभूमी उन्हातल्या गवतावरून सावलीतल्या पाण्यावर जाते. हे सरकणं शिकण्यासारखं आहे.

गणिती_माणूस (बंगळुरू)

यात एक बारकावा आहे. आजकालच्या झूम लेन्स जवळ फोकस करताना आपलं प्रत्यक्ष फोकल लेंग्थ कमी करतात. साध्या भिंगाचं सूत्र लावलं (अंतर = फोकल लेंग्थ × (२ + पट + १/पट)) तर ०.९८ मीटर आणि ०.३५ पट यावरून सोनी १००-४०० जीएमची फोकल लेंग्थ त्या अंतराला १९० मिमीच्या आसपास निघते. सूत्र ढोबळ आहे, अनेक भिंगांच्या लेन्सला तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा बरोबर आहे. निकॉन ३०० पीएफसाठी असाच हिशेब केला तर सव्वादोनशेच्या जवळ जातो. जुन्या ४०० एफ/५.६ चं उत्तर ३३० च्या वर येतं.

म्हणजे पार्श्वभूमी विरघळण्याचा जो फायदा पाणकणीस यांनी सांगितला तो प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सना जास्त मिळतो. जुनी ४०० एफ/५.६ ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती विकू नये. ३६ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावली तर ३६ भागिले ४००, म्हणजे ०.०९ पट वाढ मिळते. ०.१२ चे ०.२१ होतात आणि फोकसही मीटरभर जवळ येतो. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे दर्जा फारसा घसरत नाही. फक्त ट्यूब असेपर्यंत लांबचा फोकस जातो, समोरून खंड्या गेला तर गेला.

ट्यूबचा लाभ फोकल लेंग्थ वाढेल तसा घटतो. त्याच ३६ मिमीने १०० मिमी लेन्सला ०.३६ पट मिळतं.

मृद्गंधा (नाशिक)

नवीन आहे, साधा प्रश्न विचारते. माझ्याकडे क्रॉप बॉडी आणि ५५-२५० आहे. ट्यूब घेऊ, टेलिकन्व्हर्टर घेऊ की अजून काही? आणि नाशिकजवळ कुठे जावं?

सह्यधारा

मृद्गंधाताई, टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारं जादा भिंग) विसरा, तो या लेन्सवर बसत नाही. मोठ्या लेन्सवाल्यांसाठी मात्र तो चांगला पर्याय आहे: किमान अंतर तेच राहतं आणि प्रतिमा १.४ पटीने वाढते, बदल्यात एक स्टॉप प्रकाश जातो.

तुमच्यासाठी क्लोजअप लेन्स बरी. फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवायची. पण एका काचेची स्वस्त घेऊ नका, कडांना रंग फाटतात. दोन भिंगं जोडलेली घ्या, कॅनन ५००डी त्या प्रकारची आहे. तिची ताकद २ डायॉप्टर, म्हणजे लेन्स अनंतावर फोकस असताना समोरची वस्तू ५० सेंमीवर स्पष्ट दिसते. त्या अवस्थेत २५० मिमीला २५० भागिले ५००, म्हणजे ०.५ पट! टाचण्यांसाठी एकदम योग्य, आणि अंतरही अर्धा मीटर राहतं. ४ किंवा ८ डायॉप्टरच्या मागे लागू नका, त्यात अंतर संपतं आणि मग टेलिफोटो वापरण्यात अर्थ उरत नाही.

पण खरं सांगू? पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नका. ०.२९ पटीत चतुर भरपूर मोठा येतो.

गोदाकाठ (निफाड)

नाशिकसाठी मी सांगतो. नांदूर मध्यमेश्वर. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते हेच. लोक हिवाळ्यात पक्ष्यांसाठी येतात, चतुरांसाठी पाऊस सरतानाचे दिवस जास्त चांगले. भादवा ते कार्तिक. गवत उंच असतं, लाँग-लेग्ड मार्श ग्लायडर लव्हाळ्याच्या अगदी शेंड्यावर बसतो, त्यामुळे पार्श्वभूमी मोकळी मिळते. अभयारण्य आहे, पायवाट सोडून पाण्यात उतरायचं नाही.

आणि एवढं लांब जायची गरज पण नाही. गोदावरीला मिळणारे जे घाण नाले आहेत, तिथे डिच ज्युएल हमखास असतो. प्रदूषित पाणी चालणाऱ्या मोजक्या चतुरांपैकी तो. नर नारिंगी, पंखातही नारिंगी रंग उतरलेला. कमी उंचीवर बसतो, फार लांब उडत नाही, सराव करायला याच्यासारखा दुसरा नाही. भातखाचरं जवळ असतील, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबक बाजूला, तर पाइड पॅडी स्किमर बघा. काळे-पांढरे पंख, संथ उडणं.

इमारत_नंबर_सात (मुंबई)

सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर बसणारा करडा ठिपकेदार चतुर कोणता? दगडात मिसळून जातो, उडेपर्यंत दिसत नाही.

भिंगातून

ग्रॅनाइट घोस्ट. मूळचा कातळावरचा, पण शहरात भिंती आणि पाण्याच्या टाक्यांवर सुखाने राहतो. अंडी टाकीतल्या, हौदातल्या साचलेल्या पाण्यात घालतो. पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात, म्हणून सोसायटीत कोणी टाकीतल्या 'किड्यांबद्दल' तक्रार केली तर आधी बघून घ्या.

याचा फोटो समोरून न काढता भिंतीला जवळजवळ समांतर उभं राहून, बाजूने काढा. लांब लेन्सने भिंत मागे विरघळते आणि त्याचं ठिपक्यांचं अंग उठून दिसतं. इथे मी टेलिफोटोच्या बाजूने मत देतो, पाणकणीस यांनी नोंद घ्यावी.

आंबोलीकर (सिंधुदुर्ग)

इतक्या प्रतिसादांत एक गोष्ट राहिली म्हणून लिहितोय. फोटो सुंदर येणं वेगळं आणि ओळखीला उपयोगी पडणं वेगळं. आमच्याकडे आंबोलीजवळच्या चौकुळ गावावरून नाव दिलेला चतुर, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस, २०२२ मध्ये विज्ञानाला नवा म्हणून जाहीर झाला. शेजारी गोव्याच्या नावाचा इडियोनिक्स गोमंतकेन्सिस आहेच. घाटातल्या ओढ्यांवर अजून बरंच काही दडलेलं आहे, आणि हौशी माणसाच्या कॅमेऱ्यातूनही मोलाची नोंद होऊ शकते. पण त्यासाठी वरून घेतलेला एकच देखणा फोटो पुरत नाही.

माझी विनंती अशी. एका चतुराचे कमीत कमी तीन कोन घ्या. एक वरून, पंखांच्या शिरा आणि टोकाजवळचा रंगीत ठिपका दिसेल असा. एक अगदी बाजूने, छातीवरचे पट्टे दिसतील असा. आणि एक शेपटीच्या टोकाचा. गोम्फिड (क्लबटेल) गटात नराच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या आकड्यांच्या आकारावर ओळख ठरते, तो भाग धूसर असेल तर तज्ज्ञही हात टेकतात. हे तिन्ही फोटो टेलिफोटोने लांबून घेता येतात, चतुर पकडावा लागत नाही. माझ्या दृष्टीने या लेन्सचं सगळ्यात मोठं काम हे आहे.

तारीख आणि जागा टिपून ठेवा. ओढा होता की तळं, सावली होती की ऊन, हेही लिहा. मग आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) किंवा ओडोनेटा ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर टाका.

आणि रंगावर विसंबू नका. रडी मार्श स्किमरचा नर लालभडक, मादी आणि कोवळा नर पिवळट. काही ऑर्थेट्रम (ग्रीन मार्श हॉकचा गट) नर वयात आल्यावर अंगावर निळसर पांढरी भुकटी धरतात, त्याआधी वेगळेच दिसतात. एकाच तळ्यावरचे दोन रंग म्हणजे दोन जाती असं समजून लोक भांडतात.

पाणकणीस

आंबोलीकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. पाण्याकाठी दिसतात ते बहुतेक नर असतात, हेही त्यात जोडतो. मादी पाण्यावर येते ती मीलनासाठी आणि अंडी घालायला, एरवी ती जरा लांब झुडपांत, गवतात असते. मादीचे फोटो हवे असतील तर पाण्याकडे पाठ करून शंभर पावलं चालावं. बहुतेक संग्रहांत माद्या कमी असतात त्याचं हेही एक कारण.

जर्सीवाला (न्यू जर्सी)

इकडे उन्हाळ्यात हॅलोवीन पेनंट नावाचा चतुर गवताच्या टोकावर बसून झेंड्यासारखा वाऱ्यावर डोलतो. नारिंगी पंखांवर तपकिरी पट्टे. टेलिफोटोला आदर्श, पण वाऱ्यात काडी हलते आणि अर्धा सेंटिमीटर डेप्थ कुठल्या कुठे जाते. मी फोकस स्थिर ठेवून बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारतो, काडी ये-जा करताना मधली एखादी फ्रेम नेमकी लागते. शरद ऋतूत कॉमन ग्रीन डार्नर दक्षिणेकडे निघतात, केप मेच्या किनाऱ्यावर त्यांचे थवे बघायला मिळतात. भारतातून असं स्थलांतर होतं ना? त्याचे फोटो कोणी काढलेत का?

सह्यधारा

होतं, आणि थक्क करणारं आहे. वाँडरिंग ग्लायडर पावसाळ्यासोबत आपल्याकडे येतो, तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. पिल्लं दीड-दोन महिन्यांत पंख फुटून तयार, डबकं आटायच्या आत. मग पाऊस सरला की दक्षिणेकडे निघतो. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून हे चतुर प्रचंड संख्येने उतरतात आणि तिथे त्यांना वाढायला गोडं पाणी जवळपास नाहीच. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये या नोंदींवरून मांडलं की ते भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. हा पूर्ण फेरा एक चतुर करत नाही, पिढ्यांमागून पिढ्या करतात.

फोटोचं म्हणाल तर आकाशात उडणाऱ्या थव्यामागे लागण्यात अर्थ नाही. पण तो मोकळ्या मैदानावर एका पट्ट्यात ये-जा करत राहतो. मी मॅन्युअल फोकस अडीच-तीन मीटरवर लावून ठेवतो, शटर १/२५००, आणि तो त्या टप्प्यात येताना दाबतो. बरेच फोटो वाया जातात. जे मिळतात त्यात चारही पंख वेगवेगळ्या कोनात दिसतात, कारण चतुर प्रत्येक पंख स्वतंत्रपणे हलवू शकतो. संध्याकाळी तो झुडपात उभा लोंबकळत बसतो, शांत फोटो तेव्हा घ्यावा.

इमारत_नंबर_सात

लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. आता माझी मुलगी खिडकीतून तोच चतुर बघते आणि मोबाइलने फोटो काढायचा प्रयत्न करते. मोबाइलने जमेल का काही? तिला कॅमेरा इतक्यात देणार नाही.

भिंगातून

जमेल. ज्या फोनमध्ये ३ किंवा ५ पट झूमची वेगळी लेन्स आहे, त्यातल्या काही जवळही फोकस करतात. मुख्य कॅमेऱ्याने दहा सेंमीवर जाण्यापेक्षा झूम लेन्सने अर्धा मीटर लांब राहायला सांगा. ग्राउंड स्किमर दाखवा तिला, तो मैदानात जमिनीवरच बसतो. फोन उलटा धरून लेन्स जमिनीलगत आणली की चतुराच्या डोळ्याच्या उंचीवरचा फोटो मिळतो, आणि तो वरून काढलेल्यापेक्षा कितीतरी सरस दिसतो. मोठ्या कॅमेऱ्यालाही हेच लागू.

आंबोलीकर

दोऱ्याचा विषय निघाला म्हणून. काही जण कीटक फ्रीजमध्ये ठेवून बधिर करतात आणि मग फांदीवर बसवून फोटो काढतात. फोटोत ते कळतं. पाय काडीला धरलेले नसतात, पंख भलत्याच कोनात पडलेले असतात. असे फोटो स्पर्धेत गेले तर जीव न ओळखणारे परीक्षक दाद देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कृपया असं कोणी करू नका, आणि कोणी केलेलं दिसलं तर स्पष्ट विचारा.

सकाळी कातीतून नुकताच बाहेर आलेला चतुर दिसला तर त्याच्या जवळ जाऊ नका. पंख काचेसारखे चकाकत असतात, अंग फिकट असतं. उडायला लावलं तर मऊ पंख दुमडतो आणि तो कायमचा जायबंदी होतो. अशा वेळी दोन मीटरवरून, एका जागी बसून, जे मिळेल ते घ्या. काठावरच्या लव्हाळ्याला चिकटलेल्या काती तुडवू नका, त्यांचेही फोटो घ्या. कात सापडली म्हणजे चतुर त्याच पाण्यात वाढला, ही पक्की नोंद.

मृद्गंधा

मी काल गोदाकाठ यांनी सांगितलेल्या नाल्यावर जाऊन आले. दोन प्रचि (प्रकाशचित्रं) देते आहे. प्रचि १ डिच ज्युएल, २५० मिमी, १/८००, एफ/८, आयएसओ ६४०. उडाला की थांबायचं हे ऐकलं आणि खरंच परत आला! पण डोळा स्पष्ट आणि शेपटीचं टोक धूसर का? प्रचि २ पिवळा चतुर, पंख जवळजवळ पारदर्शक, हा कोण? आणि पावसाळी हवेत लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करता?

पाणकणीस

मृद्गंधाताई, प्रचि १ छानच. पार्श्वभूमी एकसारखी हिरवी आली आहे, तीन पावलांवरचं गवत असावं. शेपटीचं टोक धूसर आहे कारण तुम्ही त्याच्या डोक्याकडून जरा तिरक्या उभ्या होता. अर्धं पाऊल उजवीकडे सरकला असतात तर शेपटी सेन्सरला समांतर आली असती. एफ/११ ने थोडं सुधारेल, पण सरकण्याने जास्त.

बुरशीसाठी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स बाहेर काढू नका, काचेवर बाष्प धरतं. बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या.

प्रचि २ ची ओळख आंबोलीकरांनी सांगावी.

आंबोलीकर

शेपटीवर मधोमध काळी रेघ, पंखांच्या मुळाशी पिवळसर छटा, त्यामुळे रडी मार्श स्किमरची मादी वाटते. पण कोवळा नरही असाच दिसतो. शेपटीचा बुंधा खालून-बाजूने दिसला तर नक्की सांगता येईल, नराच्या तिथे जननेंद्रियाचा उंचवटा असतो. बाजूचा फोटो काढला असेल तर टाका. नसेल तर पुढच्या वेळी काढा, ती त्याच झुडपाजवळ असण्याची शक्यता आहे.

मृद्गंधा

बाजूचा एक आहे, थोडा हललेला. प्रचि ३ टाकते.

आंबोलीकर

पुरेसा आहे. उंचवटा नाही, मादीच. आयनॅचरलिस्टवर तिन्ही फोटो एकाच नोंदीत टाका आणि जागा नीट भरा, नाल्याचं पाणी कसं होतं तेही लिहा.